बोटावरचा थेंब आणि आईचा त्याग



आजचं चिंतन गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या १६ आणि १७ या दोन श्लोकांवर. हे श्लोक आपण 'डाएट'च्या चर्चेत फार वेळा ऐकतो. भगवंत इथे खाण्याची आणि झोपेची दोन्ही टोकं नाकारतात. खूप खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा उपाशी राहणाऱ्यालाही साधत नाही. झोपाळूला नाही, तसा सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचा आहार, हालचाल, काम आणि विश्रांती मापात आहे, त्याच्यासाठीच योग दुःख हलकं करणारा ठरतो.

माझं लक्ष आज 'मापात' या कल्पनेवर अडकलं. माप ठेवायचं तर मोजावं लागतं. आणि मोजायला जिला सगळ्यात कमी वेळ मिळतो, अशी एक व्यक्ती आपल्या बहुतेकांच्या घरात आहे: मधुमेह असलेली, घर आणि नोकरी दोन्ही सांभाळणारी आई.

मी स्वतः त्यातलीच एक. टाइप २ मधुमेह, एक शाळकरी मुलगा, आयटीतली नोकरी आणि भाईंदर पश्चिमेतलं घर. त्यामुळे आजचं चिंतन थोडं घरगुती वाटेल, पण मला पडलेला प्रश्न धर्माचाच आहे. लोकलच्या लेडीज डब्यात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला एक वाक्य कायम कानावर येतं, "अगं, सगळ्यांचं आवरता आवरता माझी शुगर बघायची राहूनच जाते." हे वाक्य तक्रारीच्या सुरात कमी आणि कौतुकाच्या सुरात जास्त बोललं जातं. ऐकणाऱ्याही माना डोलावतात. जणू आईपणाचं ते एक प्रमाणपत्रच. स्वतःकडे न बघणं हा खरंच त्याग आहे का?

आधी व्यवहार समजून घेऊ

एका कामकरी आईची सकाळ बघा. उठल्यावर उपाशीपोटी साखर बघायची, तर त्याच वेळी डबे, पाणी, मुलाचा युनिफॉर्म, सासूबाईंची गोळी. नाश्त्यानंतर दोन तासांनी बघायची, तर त्या वेळी ती अंधेरी आणि वांद्र्याच्या मध्ये कुठेतरी एका हाताने कडी धरून उभी. तिथे लॅन्सेट काढून बोट टोचणं शक्य नाही. दुपारी जेवणानंतर दोन तासांनी मीटिंग. रात्रीच्या जेवणानंतर दोन तास थांबायचं, तर तोवर डोळे मिटतात. आळशीपणा यात कुठेच नाही. वेळापत्रकच असं बनलंय की तपासणीची प्रत्येक वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी कामावर आदळते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात एक आकडा आहे. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७ मिनिटं. रोजचा हा तीन तासांहून जास्त फरक लक्षात घेतल्याशिवाय "स्वतःची काळजी घे गं" असं सांगणं म्हणजे तिच्या यादीत आणखी एक काम टाकणं. हे आधी कबूल करूया, मग पुढे शास्त्राकडे जाऊ.

आणि हा प्रश्न चारदोन घरांचा नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

"पण मी तर बारीक आहे" म्हणणाऱ्या मैत्रिणींसाठी पुण्याची एक गोष्ट. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनमधले मित्र प्रा. जॉन युडकिन यांचा एक शेजारी-शेजारी काढलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून बारीक, आतून चरबी, ही आपल्याकडची ठेवण. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गरोदर मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तेव्हा दिसलं की ही ठेवण जन्मतःच असते. बाळं वजनाने कमी, पण त्या मानाने चरबी टिकवून ठेवलेली. म्हणजे आरशात बघून साखर कळत नाही. ज्यांना गरोदरपणात साखर वाढली होती, त्यांना पुढे टाइप २ होण्याची शक्यता इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असते. म्हणूनच बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायला सांगतात. पण तोवर घरातल्या सगळ्यांचं लक्ष बाळाकडे गेलेलं असतं.

त्यागाचे तीन प्रकार

आता मूळ प्रश्न. अठराव्या अध्यायात ७ ते ९ या श्लोकांत भगवंत त्यागाचे तीन प्रकार सांगतात. आपल्या वाट्याला आलेलं नेमून दिलेलं कर्म मोहामुळे सोडलं, तर तो तामस त्याग. कष्ट होतात, त्रास होतो म्हणून सोडलं, तर राजस. आणि कर्म करत राहून त्यातली आसक्ती आणि फळाचा हट्ट सोडला, तर तो सात्त्विक. पहिल्या दोन प्रकारांत कर्मच सुटतं. तिसऱ्यात कर्म चालू राहतं, आतली पकड सुटते.

साखर तपासणं हे मधुमेह असलेल्या माणसाचं नेमून दिलेलं कर्म मानलं, तर ते टाळण्याची आपली कारणं या तीन खणांत घालून बघता येतील. सुई टोचते, आकडा बघायची भीती वाटते, म्हणून टाळलं, तर ते राजस. "आई म्हणजे अशीच असते, तिचं सगळ्यात शेवटी" या कल्पनेने टाळलं, तर तो मोह. तो दिसतो सात्त्विक, त्याला समाजात मानही मिळतो, पण आहे मोहच. कारण त्यात एक गृहीत लपलेलं आहे, की हे शरीर माझं एकटीचं आहे आणि त्याचं नुकसान झालं तर ते फक्त मलाच सोसायचंय.

हे गृहीत खरं नाही. वाढलेली साखर वर्षानुवर्षं दुखत नाही. ती डोळ्यांच्या पडद्यावर, मूत्रपिंडांवर, पायांच्या नसांवर गुपचूप काम करत राहते. १९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातला डीसीसीटी हा अभ्यास संपला. टाइप १ मधुमेहाचे १,४४१ रुग्ण त्यात होते. साखर वारंवार तपासून, त्याप्रमाणे इन्शुलिन बदलून ज्यांनी ती काटेकोर ठेवली, त्यांच्यात डोळ्यांचा विकार सुरू होण्याची जोखीम ७६ टक्क्यांनी कमी झाली. टाइप २ मध्येही नियंत्रणाचा फायदा होतो, हे १९९८ मध्ये ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासाने दाखवलं. आईने आज स्वतःची तपासणी सोडली, तर त्याची किंमत पंधरा वर्षांनी तीच मुलं चुकवणार, ज्यांच्यासाठी ती सोडली. मुलांना न विचारता त्यांच्या नावावर काढलेलं हे कर्ज. याला त्याग कसं म्हणायचं?

इथे कुणी म्हणेल, "मुलाला १०३ ताप आहे, रात्रभर पट्ट्या ठेवतेय, तेव्हा कसली शुगर बघू?" बरोबर आहे. त्या रात्री मूल आधी. शास्त्रालाही आपद्धर्म मान्य आहे. पण आपद्धर्म संकटापुरता असतो. तापाच्या रात्रीचा नियम वर्षाचे ३६५ दिवस चालायला लागला, तर गडबड तापात नाही, घराच्या व्यवस्थेत आहे. (इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी चालू असेल, तर त्या रात्रीसुद्धा एक थेंब बघावाच. साखर ७० च्या खाली गेलेली, अर्धवट भानावर असलेली आई तापलेल्या मुलाला सांभाळू शकत नाही.)

आकडा म्हणजे निकाल नव्हे

आता दुसरी अडचण, जी मला इंजिनिअर म्हणून जास्त छळते. कर्मावर अधिकार, फळावर नाही, हे आपण रोज म्हणतो. मग ग्लुकोमीटरचा आकडा हे तर फळच झालं! फळाकडे बघायचंच नसेल, तर तपासायचं कशाला? आणि बघायचं असेल, तर निष्काम कसं राहायचं?

मला सापडलेलं उत्तर असं. फळाची आसक्ती सोडणं म्हणजे फळाकडे डोळेझाक करणं नव्हे. आपण सर्व्हरचे लॉग बघतो ना? एरर दिसली म्हणून कुणी स्वतःला पापी समजत नाही. कुठे अडलंय ते शोधतो आणि पुढचं काम करतो. आकडा पुढच्या कर्मासाठी वाचायचा. त्यावरून स्वतःची किंमत ठरवायची नाही.

आपल्या घरांत मात्र आकडा हा चारित्र्याचा दाखला बनतो. १९२ आला की लगेच, "काल गोड खाल्लंस ना?" या एका प्रश्नाच्या धाकाने कितीतरी बायका तपासणं बंद करतात. वास्तविक साखर वाढायला गोडच लागतं असं नाही. पहाटे यकृत स्वतःहून साखर रक्तात सोडतं, म्हणून रात्री हलकं जेवूनही सकाळचा आकडा जास्त येऊ शकतो. ताप, जंतुसंसर्ग, अपुरी झोप, ताण, स्टिरॉइडची गोळी, सगळ्यांनी वाढते. डब्यासाठी आंबा चिरून हात न धुता बोट टोचलं, तर बोटावरचीच साखर मोजली जाते. आणि यंत्रालाही मर्यादा आहे. आयएसओच्या २०१३ च्या मानकानुसार किमान ९५ टक्के वाचनं प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के वर-खाली असली, तरी मीटर पास होतो (१०० च्या खालच्या आकड्यांना १५ मिलिग्रॅमची सूट). म्हणजे एकदा १४२ आणि लगेच १५५ आलं, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फळ पूर्णपणे आपल्या हातात नसतं, हे इथे अक्षरशः बघायला मिळतं.

तीन महिन्यांची एचबीए१सी असताना घरी कशाला बघायचं, असंही विचारतात. ती सरासरी आहे. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यावर ती आधारलेली. ६० आणि २४० ची सरासरीही १५० च येते, पण असा दिवस जगणारीचे हाल सरासरीत दिसत नाहीत. शिवाय रक्तक्षय असला तर एचबीए१सी चकवू शकते, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आहे.

घरी तपासता येणं हीच मुळात अलीकडची गोष्ट आहे. रिचर्ड बर्नस्टीन नावाचे अमेरिकन इंजिनिअर होते, बाराव्या वर्षापासून मधुमेही. १९६९ मध्ये त्यांनी रक्तातली साखर मोजणाऱ्या यंत्राची जाहिरात पाहिली. यंत्र हॉस्पिटलांसाठी होतं, रुग्णाला विकत मिळत नव्हतं. त्यांची पत्नी डॉक्टर होती, म्हणून तिच्या नावावर ते ६५० डॉलरला घेतलं. वजन दीड किलोच्या आसपास. त्यांनी घरी दिवसातून अनेकदा साखर मोजून स्वतःचा पॅटर्न शोधला. वैद्यकीय जर्नल एका इंजिनिअरचं ऐकेनात, तेव्हा चाळिशी उलटल्यावर ते मेडिकल कॉलेजला गेले आणि डॉक्टर झाले. २०२५ मध्ये, नव्वदी ओलांडून ते गेले. त्यांना जे मिळवायला एवढी धडपड करावी लागली, ते आज आपल्या किचनच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं.

तपासणीही मापात

पण सहाव्या अध्यायाचा नियम तपासणीलाही लागू आहे बरं का. मुळीच नाही हे जसं टोक, तसं दर तासाला बोट टोचून दिवसभर आकड्यात अडकणं हेही टोकच. इन्शुलिन घेणाऱ्यांना दिवसातून अनेकदा तपासावं लागतं. फक्त मेटफॉर्मिनसारख्या गोळीवर साखर स्थिर असेल, तर रोज तपासायची गरज बहुतेकदा नसते. तुमचं माप तुमच्या डॉक्टरांना विचारा, "आठवड्यात किती वेळा आणि कधी?" असं स्पष्ट विचारा. मी डॉक्टर नाही.

ठरलेलं माप पाळायला माझ्यासारखीला उपयोगी पडणाऱ्या काही गोष्टी:

मीटरची पेटी देवघराच्या फळीवर, काडेपेटीशेजारी. दिवा लावायचा विसरत नाही, म्हणून तेही विसरत नाही. हात साबणाने धुवायचे, पुसायचे, बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचायचं. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच बंद, आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तर नक्कीच. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत. कचरा उचलणाऱ्या ताईंच्या हाताला आपली सुई लागणं हीसुद्धा हिंसाच.

नाश्त्यानंतरचे दोन तास लोकलमध्ये जात असतील, तर ती वेळ सोडून द्या. शनिवार-रविवारी एकाच जेवणाची जोडी पकडा, जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. कुठल्या भाकरीने, कुठल्या भाताने किती वाढते ते या जोडीतून कळतं. सुट्या आकड्यातून कळत नाही.

आणि पर्समध्ये ग्लुकोज पावडर. चक्कर, थरथर, घाम आला आणि साखर ७० च्या खाली असेल, तर १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं आणि १५ मिनिटांनी परत बघायचं. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते.

पूजेआधी रक्ताचा थेंब काढला तर चालेल का, असा प्रश्न काहींना पडतो. माझं साधं उत्तर, हात धुवा आणि पूजेला बसा. ज्याने देह दिला, त्याला त्या देहाचा एक थेंब बाटवणार नाही.

उपवासाचं काय?

एकादशी, संकष्टी, नवरात्र. आपल्या आया उपवास सोडायला तयार नसतात आणि मग गोळी तेवढी सोडतात. किंवा गोळी घेतात आणि काही खात नाहीत, जे जास्त धोक्याचं. दुसरीकडे साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा साखर भराभर चढवतात, म्हणजे उपवासाच्या दिवशी दोन्ही टोकं एकदम!

व्रताने काय मोडत नाही याची एक जुनी आठ गोष्टींची यादी परंपरेत आहे. पाणी, कंदमुळं, फळ, दूध यांच्याबरोबर त्यात औषध आहे आणि गुरूंची आज्ञाही आहे. औषधाने व्रत मोडत नाही, हे शास्त्रच सांगतं. आणि सतराव्या अध्यायात शरीराला पीडा देणाऱ्या हटवादी तपाबद्दल बोलताना भगवंत आणखी पुढे जातात. अशी माणसं देहात वसणाऱ्या मलाच त्रास देतात, असा त्यांचा रोख आहे. सासूबाईंना, आईला हे प्रेमाने सांगा. उपवासाच्या आधी डॉक्टरांशी बोलून गोळ्यांच्या वेळा बदलून घ्या. त्या दिवशी एक-दोन वेळा साखर बघा. बाकी नामस्मरणाला साखरेचं बंधन नाही!

कर्तव्य कुणाचं?

शेवटचा मुद्दा, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आतापर्यंत आपण तिचं कर्तव्य काय, यावरच बोललो. पण तिच्या ९० सेकंदांच्या आड जे येतं, ते बहुतेकदा आपण असतो. "आई, माझे सॉक्स?" "अगं, चहा झाला का?" तिने तपासावं असं वाटत असेल, तर त्या वेळी तिला कुणी हाक मारू नये. हा आपला नियत धर्म. आकडा जास्त आला तर "काय खाल्लंस?" विचारण्याऐवजी "झोप झाली का गं?" विचारावं. तिसऱ्या अध्यायातला यज्ञाचा विचार परस्परांना पोसण्याचा आहे. एकीने सगळ्यांना पोसायचं आणि तिला कुणी पोसायचं नाही, याला यज्ञ म्हणत नाहीत.

आजचा संकल्प: तुम्ही स्वतः मधुमेही आई असाल, तर या आठवड्यात डॉक्टरांकडून तुमचं माप लिहून घ्या आणि ते फ्रिजवर सगळ्यांना दिसेल असं लावा. घरात अशी आई, ताई, बायको किंवा सासूबाई असतील, तर उद्या सकाळची तिची दहा मिनिटांची कामं न सांगता तुमच्याकडे घ्या. आणि तिशी ओलांडली असेल, कधीच तपासली नसेल, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा लॅबमध्ये एकदा साखर तपासून या.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥